मिशन-कार्यकर्त्याचा दिनक्रम : फ्रेअरटाउन व रबई येथील नाशिककरांच्या आधारे

‘मिशन’ या संज्ञेने येथे धर्मप्रसारार्थ एका स्थळी स्थिर झालेली, स्वतःची जमीन, इमारती व कोश असलेली संस्था अभिप्रेत आहे. अशा संस्थेत राबणाऱ्या माणसांचे दोन वर्ग पडतात. युरोपातून पाठविला गेलेला, बहुधा दीक्षित असा अधिकारी तो मिशनरी. त्याच्या हाताखाली वेतनावर किंवा केवळ शिध्यावर काम करणारे शिक्षक, उपदेशक, दुभाषी, सुतार, लोहार, मुकादम आणि या सर्वांच्या पत्नी हा दुसरा वर्ग. त्यास येथे मिशन-कार्यकर्ता म्हटले आहे. पहिल्या वर्गाची चरित्रे विपुल आहेत, कारण दैनंदिनी लिहिण्याची फुरसत आणि ती छापण्याची सोय त्यालाच होती. दिनक्रमाचा विचार मात्र दुसऱ्या वर्गापासून आरंभिणे युक्त आहे, कारण केंद्रातील दिवसाचे बहुतेक तास त्याच्याच श्रमाने भरलेले असत.

विवेचनाचे क्षेत्र पूर्व आफ्रिकेतील मोंबासाच्या परिसरातील दोन केंद्रांपुरते मर्यादित आहे. रबई हे केंद्र योहान लुडविग क्राप्फ व योहानेस रेबमान यांनी १८४६ मध्ये मोंबासाच्या वायव्येस टेकड्यांवर स्थापिले. फ्रेअरटाउन ही वसाहत मोंबासा बेटासमोरील मुख्य भूमीवर १८७५ मध्ये उभी राहिली. दोन्ही चर्च मिशनरी सोसायटीची. मराठी वाचकाने यांकडे लक्ष द्यावे याचे कारण भौगोलिक आहे : येथील कार्यकर्त्यांचा कणा नाशिकजवळच्या शरणपूरहून आलेला होता.

या वर्गाची उत्पत्ती तीन टप्प्यांत झाली. (१) ब्रिटिश आरमाराने हिंदी महासागरात पकडलेल्या गलबतांवरून सुटलेली गुलाम मुले मुंबईस उतरविली जात. (२) त्यांपैकी अनेक शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आली. तेथे इंग्रजी, पवित्र शास्त्र, सुतारकाम, लोहारकाम व शेती शिकविली जाई. (३) १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आदी काहींना रेबमानच्या साहाय्यास धाडण्यात आले. १८७३ च्या जून महिन्यात झांजिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे होणाऱ्या गुलामांच्या व्यापारास बंदी करणारा तह मान्य केल्यावर सुटकेनंतरच्या माणसांना ठेवण्यासाठी वसाहत आवश्यक झाली. तेव्हा भारतातून सुमारे दीडशे माणसे तेथे गेली. शरणपूर चालविणारा विल्यम प्राइस हाच फ्रेअरटाउनचा संस्थापक झाला, आणि वसाहतीला नाव मिळाले ते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे. (जंजिऱ्याच्या सिद्दींशी या लोकांचा संबंध जोडण्याचा मोह होतो, परंतु सिद्दी ही कोकणात शतकानुशतके रुजलेली सत्ता होती, आणि ही पोरकी मुले होती.)

या प्रवासाला ‘परतणे’ म्हणणे सदोष आहे. जोन्स याओ जमातीचा होता, आणि याओंचा प्रदेश मोंबासापासून फार दक्षिणेस, न्यासा सरोवराच्या बाजूला आहे. बालपणीच पकडलेल्यांना मातृभाषा धड आठवत नसे, आणि मोंबासाची स्वाहिली त्यांना नव्याने शिकावी लागे. म्हणजे कार्यकर्ता त्या भूमीत वर्णाने परका दिसत नसे, पण भाषेने, पोशाखाने व धर्माने परका असे. त्याच्या पुढील सर्व कामाचे स्वरूप या स्थितीने ठरविले.

काम चार प्रकारचे होते : उपासना, अध्यापन, निर्वाह, रक्षण. उपासनेला वेळ सर्वांत कमी लागे. पहाटे घंटा, सामुदायिक प्रार्थना, सायंकाळी पुन्हा प्रार्थना, रविवारी दीर्घ उपासना; याहून अधिक काही नाही. फ्रेअरटाउनची ती घंटा आज नष्ट झालेली नाही, आणि मोंबासातील त्या भागाला तिच्यावरूनच केंगेलेनी म्हणतात. अध्यापनात मुलांची शाळा, बाप्तिस्म्यापूर्वीची शिकवण आणि कारागिरीचे शिक्षण अंतर्भूत होते. शिवणकाम व मुलींचा सांभाळ कार्यकर्त्यांच्या पत्नींकडे असे. त्यांची नावे अहवालांत क्वचितच येतात.

निर्वाह हा विषय अधिक विस्ताराने घेतला पाहिजे, कारण धर्मकार्याच्या वर्णनांत तोच गाळला जातो. सोडविलेल्या गुलामांचा मोठा जथा एका दिवसात किनाऱ्यावर उतरे. त्यांना वस्त्र नसे, अनेकांना देवी किंवा अतिसार असे, आणि त्यांच्या भाषा परस्परांना कळत नसत. प्रथम पोशो म्हणजे रोजचा शिधा, नंतर झोपडी, नंतर शाम्बा म्हणजे शेताचा तुकडा, हा क्रम होता. शिधा मोजणे, भांडण सोडविणे, नांगरट न जाणणाऱ्याला कुदळ धरावयास शिकविणे ही कार्यकर्त्याची कामे. मार्चपासूनचा मोठा पाऊस चुकला तर पुढील हंगामापर्यंत सर्व भार कोशावर पडे. अंतर्भागात नाणे चालत नसे. मेरिकानी कापड, मणी व पितळी तार हेच चलन. त्सेत्से माशीमुळे बैल व घोडे टिकत नसत, म्हणून प्रत्येक वस्तू हमालाच्या डोक्यावरून जाई. एका हमालाचे ओझे साधारण तीस किलो. यावरून एक अनुमान निघते : दूरच्या केंद्रात बायबलची पेटी, कुनैनची बाटली किंवा खिळ्यांचे पुडके पोचणे हे कोणत्या रंगाचे मणी पुढल्या गावाला चालतात, या ज्ञानावर अवलंबून होते. ते ज्ञान कार्यकर्त्यांजवळ होते.

तांड्याबरोबरच्या कामाचे सुप्रसिद्ध उदाहरण मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासाचे आहे. मे १८७३ च्या आरंभी तो चितांबोच्या गावी मरण पावल्यावर शव किनाऱ्यावर नेण्याचा निश्चय त्याच्या आफ्रिकन सोबत्यांनी केला. त्यांत नाशिकमध्ये शिकलेले अनेक होते. हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती त्यांपैकी जेकब वेनराइटने. मृताच्या सामानाची यादी करणे व झाडावर लेख कोरणे हेही त्याचेच काम. सुमारे नऊ महिन्यांनी शव बागामोयोस पोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत वेनराइट होता. प्रार्थनाग्रंथ, यादी आणि कोरीव अक्षर ही तिन्ही शरणपूरच्या अभ्यासक्रमातील कौशल्ये आहेत. यात योगायोगाचा भाग अल्प आहे.

रोगाविषयी थोडक्यात. क्राप्फची पत्नी व नवजात कन्या मोंबासात पोचल्यानंतर काही महिन्यांतच, १८४४ साली, तापाने दगावल्या. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत १८९७ मध्ये डासाच्या शरीरात मलेरियाचे परजीवी आढळेपर्यंत बहुधा दूषित हवा हेच कारण मानले जाई. युरोपीय मिशनरी वारंवार आजारी पडे, रजेवर जाई किंवा मरे. परिणामी केंद्राचे सातत्य कार्यकर्त्यावर येऊन पडे, ही या मुद्द्यातील ग्राह्य गोष्ट.

चौथा प्रकार रक्षणाचा. यात मिशनचे तत्त्व व व्यवहार यांत उघड विरोध निर्माण झाला. तहाने समुद्रावरील व्यापार बंद झाला, गुलामी बंद झाली नाही. किनाऱ्यावरील मालकांचे गुलाम पळून रबईस येऊ लागले. त्यांना हाकलणे धर्माच्या विरुद्ध, ठेवणे सुलतानाच्या कायद्याच्या विरुद्ध. संस्थेच्या वरिष्ठांनी पळपुट्यांना आश्रय देऊ नये असे बजावले होते. दारात उभ्या माणसाला उत्तर देणे मात्र रबईच्या कार्यकर्त्यांना भाग होते, आणि तेथील दैनंदिन कारभार बराचसा जोन्सकडे असे. लोक राहिले, संख्या वाढली. अखेर १८८८ मध्ये मालकांचा क्षोभ शिगेस पोचल्यावर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झीने मालकांना दरडोई २५ डॉलर भरपाई दिली, आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे चौदाशे माणसांना मुक्तिपत्रे मिळाली. भरपाई मालकाला मिळाली, गुलामाला नाही, हेही नोंदविले पाहिजे.

रक्षणाची दुसरी बाजू दंडाची आहे. फ्रेअरटाउन ही वसाहत असल्याने तिला स्वतःचा न्याय करावा लागे, आणि तेथे फटके व कोठडी यांचा वापर झाला. १८८० च्या दशकाच्या आरंभी या प्रकाराची चौकशी झाली. नाशिकहून आलेल्या कार्यकर्त्यांनी वसाहतीतील वागणुकीविषयी आपल्या तक्रारी लेखी मांडल्या. संस्थेने दिलेल्या साक्षरतेचा संस्थेविरुद्ध झालेला हा उपयोग त्या शिक्षणाच्या गुणवत्तेचे प्रमाण मानावा लागेल.

वरील चार प्रकार एकत्र पाहता त्यांत एक समान धर्म आढळतो. उपदेश एका भाषेतून दुसरीत नेणे, कापडाच्या बदल्यात धान्य मिळविणे, मालक व पळालेला गुलाम यांच्या मधे उभे राहणे, वसाहतीचे गाऱ्हाणे अधिकाऱ्यापर्यंत पोचविणे, ही सर्व मध्यस्थीची रूपे आहेत. मध्यस्थी हाच या कार्याचा मुख्य व्यापार होता आणि उपदेश त्याचा एक भाग, असा निष्कर्ष प्राप्त होतो. मग श्रमाच्या प्रमाणात अधिकार होता काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर दीक्षेच्या तारखेतून मिळते.

जोन्स व सेमलर १८६४ मध्ये मोंबासास पोचले, आणि बिशप जेम्स हॅनिंग्टनने त्यांना डीकन, म्हणजे दीक्षितांच्या सर्वांत खालच्या श्रेणीचे, केले ते १८८५ मध्ये. त्याच वर्षी हॅनिंग्टन बुगांडाकडे निघाला, तेव्हा त्याने जोन्सला सोबत घेतले. तांड्याचा मोठा भाग वाटेत जोन्सच्या स्वाधीन करून बिशप सुमारे पन्नास हमालांसह पुढे गेला. बुसोगात २९ ऑक्टोबर १८८५ रोजी तो व त्याचे बहुतेक सोबती मारले गेले. जोन्सने महिनाभर वाट पाहिली, बातमी पक्की झाल्यावर उरलेली माणसे गोळा केली, मासाई प्रदेशातून त्यांना आणले आणि १८८६ च्या फेब्रुवारीत रबई गाठले. तांड्यापुढील निळ्या ध्वजावर ‘इखाबोद’ हे बायबलमधील शोकनाम होते. युरोपातून नुकत्याच उतरलेल्या तरुण पाळकाची श्रेणी तेव्हा जोन्सहून वरची होती. जोन्सला आफ्रिकेतील कामाचा एकवीस वर्षांचा अनुभव होता, आणि पदवी डीकनची होती.