इंद्रप्रस्थाचे छप्पर

दिल्लीस बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला पहिल्या दोन-तीन रविवारी जी स्थळे हौसेने दाखविण्यात येतात, त्यांत कुतुबमिनार असतो, लाल किल्ला असतो, बिर्ला मंदिर असते. परंतु रिंग रोडवरून राजघाटाकडे जाताना दिसणारे ते अवाढव्य गोल छप्पर कोणी दाखवीत नाही. आम्ही स्वतः या शहरात नऊ वर्षे कारकुनी करीत आहो आणि त्यांतील निम्मी वर्षे ते छप्पर बसच्या खिडकीतून रोज दोनदा पाहत आलो आहो, पण ‘आय. जी. स्टेडियम’ म्हणजे आमच्या लेखी एक बसथांबा, यापलीकडे त्याचा विचार आम्ही केला नव्हता. तो करावयास लावले एका पाटीने. त्या पाटीची हकीकत पुढे येईलच.

हे बंदिस्त क्रीडागृह उभे राहिले ते १९८२ च्या आशियाई खेळांसाठी. आशियाई खेळ पहिल्यांदा भरले तेही दिल्लीतच, १९५१ च्या मार्चमध्ये. परंतु तेव्हाचा सारा थाट नॅशनल स्टेडियमच्या उघड्या मैदानावरचा होता. एकतीस वर्षांनी तो मान पुन्हा दिल्लीकडे आला, तेव्हा देशाला जगापुढे निराळ्या रूपात उभे राहावयाचे होते. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींचे सरकार परत आले, आणि १९ नोव्हेंबर १९८२ रोजी खेळांचे उद्घाटन झाले. मधल्या तीन वर्षांहून कमी काळात दिल्लीत नवी क्रीडांगणे, उड्डाणपूल, खेळाडूंची वसाहत आणि हे क्रीडागृह अशी सारी बांधकामे झाली. प्रथम याचे नाव इंद्रप्रस्थ क्रीडागृह असे होते. इंदिरा गांधींचे नाव त्याला पुढे देण्यात आले. जुने नाव आम्हांला अधिक भावते. इंद्रप्रस्थ म्हटले की मयसभा आठवते, आणि मयसभा म्हणजे तरी काय, पाहुण्यांना थक्क करण्यासाठी बांधलेले एक छप्परच की! व्यासांनी त्या कामाला मयासुराला चौदा महिने दिले आहेत. ती सभा राखण्यास व वाहून नेण्यास आठ हजार किंकर होते असे सभापर्वात सांगितले आहे. त्यांच्या मजुरीचा मात्र उल्लेख नाही.

आमच्या या इंद्रप्रस्थातील मजुरीचा उल्लेख आहे, आणि तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. एशियाडच्या बांधकामांवर परप्रांतांतून मजूर आणले गेले होते. तीन समाजशास्त्रज्ञांनी त्यांची पाहणी केली, आणि त्या पाहणीच्या आधारे ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संस्थेने न्यायमूर्ती भगवती यांना एक पत्र लिहिले. त्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानले. दिवसाची किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे होती. ती ठेकेदाराकडून जमादाराच्या हाती जाई. जमादार आपली दलाली म्हणून एक रुपया कापून घेई आणि मजुराच्या हातावर ८ रुपये २५ पैसे ठेवी. १८ सप्टेंबर १९८२ रोजी, म्हणजे खेळांना दोन महिने उरले असता, न्यायालयाने निकाल दिला की, किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध केलेली वेठच होय. बांधकाम हे धोक्याचे काम असून त्यावर चौदा वर्षांखालील मुलांस राबविता येणार नाही, हेही त्याच निकालात आले. आज कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी हा निकाल ‘एशियाड मजुरांचा खटला’ म्हणून शिकतो. हा खटला एशियाडच्या एकंदर बांधकामांविषयी होता, या एका छपरापुरता नव्हता, हे खरे. तथापि त्या कापलेल्या रुपयाची आठवण ठेवल्यावाचून या इमारतीचा इतिहास सांगावा असे आम्हांस वाटत नाही. आम्ही जमाखर्चाची माणसे. बेरजेत एक रुपया कमी आला तर आम्ही संध्याकाळी घरी जात नाही.

आता इमारतीकडे वळू. मोठ्या वर्तुळाकार छपराभोवती काँक्रीटचे उंच मनोरे उभे आहेत, आणि आत पाहावे तो प्रेक्षक आणि खेळ यांच्या मध्ये एकही खांब नाही. शरत दास हे याचे वास्तुशिल्पी. भोवतालचा सारा परिसर १०२ एकरांचा. छपराची एवढी यातायात कशासाठी, असा प्रश्न आमच्यासारख्या अखेळाडू माणसाला पडतो. त्याचे उत्तर बॅडमिंटनच्या फुलात आहे. पाच ग्रॅमांच्या आसपास वजनाचे ते पिसांचे फूल. वाऱ्याची झुळूक आली की त्याची वाट चुकते. म्हणून या खेळाला भिंती हव्यात, छप्पर हवे आणि आतली हवाही निश्चल हवी. १९८२ साली बॅडमिंटनच्या लढती येथेच झाल्या, आणि भारताला त्यांत पाच कांस्यपदके मिळाली. एकेरीत सय्यद मोदींना मिळाले. पुरुषांच्या दुहेरीतील पदक लेरॉय डिसा आणि मुंबईचे प्रदीप गंधे या जोडीचे होते, हे आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल.

खेळ १९८२ च्या ४ डिसेंबरला संपले. पाहुणे गेले, पताका उतरल्या. त्यानंतर काय, हा प्रश्न सरकारी नोकरीतल्या माणसाला सर्वांआधी सुचावयास हवा. पण तो बहुधा सर्वांनंतर सुचतो. आमच्या दप्तरी भाषेत खर्चाचे दोन प्रकार आहेत: अनावर्ती आणि आवर्ती. वास्तू उभारणे हा अनावर्ती खर्च. त्याला मंत्रिमहोदयांची सही लवकर मिळते, कोनशिला बसते, छायाचित्र निघते. ती झाडणे, दिवे बदलणे, गळती थांबविणे हा आवर्ती खर्च. त्याची फाइल टेबलावरून टेबलावर फिरत राहते, आणि त्याचे छायाचित्र निघाल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. एशियाडची क्रीडांगणे सांभाळावयाची कोणी, या विवंचनेतूनच १९८४ साली भारतीय क्रीडा प्राधिकरण ही संस्था जन्मास आली. आज देशभर खेळाडूंची केंद्रे चालविणाऱ्या या संस्थेचे पहिले काम म्हणजे रिकाम्या इमारतींची देखभाल! शेजारच्या एका इमारतीची कथा तर याहून गमतीची आहे. एशियाडच्या खेळाडूंना राहण्यासाठी म्हणून जी वास्तू योजिली गेली, तीत पुढे दिल्ली सरकारचे सचिवालय आले. तिला ‘प्लेयर्स बिल्डिंग’ म्हणणारी माणसे अजून भेटतात. तेथे कोणते खेळ चालतात, हे आम्ही केंद्राचे नोकर असल्यामुळे सांगणे उचित नव्हे.

क्रीडागृह अगदीच पडून राहिले असे नाही. १९८७ साली टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा येथे झाली. अंतिम सामन्यात चीनच्या जियांग जियालियांगने स्वीडनच्या वाल्डनरला हरविले. परंतु अशा मोठ्या प्रसंगांमध्ये वर्षानुवर्षांचे अंतर पडे. मग २०१० च्या राष्ट्रकुल खेळांनी पुन्हा अनावर्ती खर्चाची लाट आली. जुने सभागृह नव्याने सजविण्यात आले. तेथे जिम्नॅस्टिक्स झाले, आणि आशिषकुमारने या खेळातील भारताची पहिली राष्ट्रकुल पदके मिळविली. आवारात सायकलींसाठी लाकडी पृष्ठभागाचे वेलोड्रोम झाले आणि कुस्तीसाठी एक वेगळे सभागृह बांधण्यात आले. त्या वर्षीच्या एकंदर खर्चावर महालेखापालांनी २०११ साली काय लिहिले, ते आपल्या वाचकवर्गाला आम्ही सांगावयास नको. कित्येकांनी त्या परिच्छेदांची उत्तरेही तयार केली असतील.

वर जिचा उल्लेख केला ती पाटी या कुस्तीच्या सभागृहावर आहे. दोन-तीन वर्षांमागे कचेरीतल्या एका हिंदी भाषक सहकाऱ्याबरोबर आम्ही तेथे बॅडमिंटन पाहावयास गेलो होतो. दारावर नाव होते के. डी. जाधव यांचे. सहकाऱ्याने विचारले, “ये जाधव साहब कौन थे? कोई मंत्री?” प्रश्न निरागस होता. या शहरात इमारतींना नावे बहुधा कोणाची असतात, ते तो जाणत होता. आम्ही त्याला तेथेच, रांगेत उभ्या उभ्या, कराडजवळच्या गोळेश्वर गावची गोष्ट सांगितली.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. घरात कुस्तीची परंपरा. शिकले लाल मातीच्या आखाड्यात. मॅटवरची कुस्ती त्यांना खरी भेटली ती १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये. त्या वारीचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. अनोळखी मॅटवर, अनोळखी नियमांनी खेळून ते तेथे सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जावयाचे ठरले तेव्हा सरकारकडून पुरेसे पैसे मिळेनात. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. त्यांना हरविणारे दोघे म्हणजे जपानचे इशी आणि रशियाचे ममदबेयोव. पुढे एकाला सुवर्ण मिळाले, दुसऱ्याला रौप्य. या दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. ती मिळाली नाही, आणि नियमावर बोट ठेवावयास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, अशी हकीकत सांगतात. आम्हां अधिकारी-कारकून वर्गाला त्या दिवशीच्या आपल्या गैरहजेरीची रजा कोणत्या खात्यात टाकावी, हे कळत नाही.

स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. गावी परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मग खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून खर्डेकरांचे कर्ज फेडले. १९५५ साली ते पोलिसांत फौजदार झाले. १९८२ च्या एशियाडची ज्योत वाहून नेणाऱ्यांत त्यांना मानाने घेतले गेले. पुढल्या दोन वर्षांतच, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म पुरस्कार मिळालाच नाही. सभागृहाला नाव मिळाले २०१० साली. ज्याच्या वाट्याला प्रवासखर्चही धड आला नाही, त्याच्या नावाने एवढी थोर वास्तू उभी राहिली, हा न्याय म्हणावा की उशिरा पावलेली थकबाकी, याचा निवाडा आम्ही करीत नाही. एवढे खरे की, त्या सभागृहाने नाव राखले. त्याच २०१० च्या ऑक्टोबरात भारतीय मल्लांनी तेथे दहा सुवर्णपदके जिंकली. त्यांत गीता फोगट होती, ते पदक मिळविणारी पहिली भारतीय स्त्री मल्ल. आणि मुंबईच्या मातीत वाढलेला नरसिंग यादवही होता. २०१८ साली मेरी कोमने मुष्टियुद्धातले आपले सहावे जागतिक अजिंक्यपद याच छपराखाली मिळविले, आणि २०२३ मध्ये नीतू, स्वीटी, निखत व लवलीना या चौघीजणी येथेच जगज्जेत्या झाल्या. मल्लाच्या नावाच्या घरात मुलींनी इतके पराक्रम करावेत, याची कल्पना गोळेश्वरच्या आखाड्यात १९४० च्या सुमारास कोणी केली असेल काय?

२०२५ च्या जानेवारीत तर एक विलक्षण योग आला. १३ ते १९ या दिवसांत मोठ्या क्रीडागृहात खो-खोची पहिली विश्वकरंडक स्पर्धा होती, आणि त्याच आठवड्यात जाधव सभागृहात बॅडमिंटनची इंडिया ओपन. मधल्या बुधवारी १५ तारीख होती, खाशाबांचा जन्मदिवस. आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. खो-खो म्हणजे आपल्या शाळेच्या मागच्या अंगणातला खेळ. पायाला माती, गुडघ्याला खरचटणे. त्याचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधून दिले. तो खेळ येथे झगझगीत दिव्यांखाली, मॅटवर चालला होता, आणि ब्राझील-पेरूची धिप्पाड माणसे पाठीवर थाप देत ‘खो’ म्हणत होती! उच्चार थोडा निराळा, पण शब्द आपलाच. आमच्या शेजारी बसलेल्या साताऱ्याकडच्या एका मावशी, ज्यांचे यजमान कुठल्याशा लेखा कार्यालयात आहेत, आपल्या नातवाला पाटी, सूर, खांब समजावून सांगत होत्या. मागच्या ओळीतले दिल्लीकर कान देऊन ऐकू लागले, आणि थोड्याच वेळात मावशींचे भाषांतर आम्हांला करावे लागले.

१९ तारखेला दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरविले. मुलींनी ७८–४० असे, मुलांनी ५४–३६ असे. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्यानंतर जेमतेम महिन्याने, दिल्लीत भरलेल्या अठ्ठ्याण्णवाव्या साहित्य संमेलनासाठी आम्ही गेलो तेही एका बंदिस्त क्रीडागृहातच, तालकटोऱ्याला. १७३७ साली बाजीरावांच्या फौजेने जेथे मोगलांना धूळ चारली त्या परिसरात, मुष्टियुद्धासाठी सजविलेल्या छपराखाली, मराठी माणसे कवितेवर वाद घालीत बसली होती. क्रीडागृहाचा याहून निरुपद्रवी उपयोग आम्हांला सुचत नाही.

पंधरा तारखेच्या त्या संध्याकाळी खो-खो सुटल्यावर आम्ही आवारातून जाधव सभागृहाकडे चालत गेलो. तिकीट नव्हते, दाराशीच उभे राहिलो. आतून फुलावर पडणाऱ्या फटक्यांचा आवाज येत होता. पहाऱ्यावरचा जवान हरियाणाचा होता. काय पाहता, असे त्याने विचारले. पाटीकडे बोट दाखवून आम्ही म्हटले, आज यांचा जन्मदिवस. त्याने वर पाहिले आणि म्हणाला, “पहलवान थे ना? हमारे गाँव के अखाड़े में फ़ोटो लगी है इनकी.” मग तो बाजूला झाला, आणि आम्हांला पाच मिनिटे आत उभे राहू दिले.