सॅम वॉल्टन : दुकानापासून महाविद्यालयापर्यंत

२०१८ साली वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरना विकत घेतला आणि आपल्याकडे या कंपनीची मोठी चर्चा झाली. तिचे संस्थापक सॅम वॉल्टन यांची सुरुवात मात्र अगदी साधी होती. १९४० साली मिसुरी विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते जे. सी. पेनी या दुकानात दरमहा ७५ डॉलरवर उमेदवारी करू लागले.

युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, सासऱ्यांकडून २०,००० डॉलर कर्जाऊ घेऊन आणि स्वतःचे ५,००० घालून त्यांनी आर्कान्सातील न्यूपोर्ट गावी दुकान घेतले. पाच वर्षांत विक्री तिपटीहून अधिक वाढली. पण भाडेकरारात मुदतवाढीचे कलमच नव्हते. चालते दुकान पाहून जागामालकाने ते आपल्या मुलासाठी परत मागितले. वॉल्टन यांना गाव सोडावे लागले. बेंटनव्हिलला नवी जागा घेताना त्यांनी शेजारच्या गाळ्यासाठी थेट ९९ वर्षांचा करार मागितला!

पहिले वॉलमार्ट १९६२ साली रॉजर्स येथे उघडले, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. खर्चाच्या बाबतीत हात आखडता असलेला हा माणूस १९६६ मध्ये संगणक समजून घ्यायला आयबीएमच्या वर्गात जाऊन बसला. दुकाने दूरदूरच्या गावांत. कुठे काय खपले हे रोज कळले नाही तर माल वेळेवर पोहोचणार कसा? म्हणूनच १९८७ पर्यंत सारी दुकाने कंपनीच्या स्वतःच्या उपग्रह जाळ्याने जोडली गेली. आम्हा संगणकवाल्यांना हा भाग विशेष भावतो. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी : या स्वस्ताईपुढे अमेरिकेतल्या लहान गावांतील अनेक दुकानदार टिकले नाहीत.

१९९२ मध्ये वॉल्टन यांचे निधन झाले. १९९८ साली वॉल्टन कुटुंबाच्या धर्मादाय संस्थेने आर्कान्सा विद्यापीठाच्या वाणिज्य महाविद्यालयाला ५ कोटी डॉलर दिले आणि महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले. ते स्वतः तिथे शिकलेले नव्हते. पण त्यांचा धंदा वाढला तो याच राज्यात.

मला अधिक मोलाची वाटते ती १९८५ पासूनची त्यांची शिष्यवृत्ती. मध्य अमेरिकेतील देशांमधून गुणी मुले आर्कान्सातील तीन महाविद्यालयांत शिकायला येत. अट एकच, शिक्षण संपले की मायदेशी परतायचे. आपल्यापैकी कितीतरी जण शिकून दूर गेले. शाळेसाठी निधी जमवताना आपण आकड्यांचा विचार करतोच. शिकलेले माणूस वर्षातून चार दिवस तरी इथल्या वर्गात उभे राहील का, याचाही करू या.