मऊ टोकाची गोळी

गोंदियाजवळच्या मुर्रीत, किंवा या धानपट्ट्यातल्या कुठल्याही गावात, आज कुणी चितळासाठी गोळी निवडत बसत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही पुरती थांबवली. झालं ते योग्यच झालं. पण ज्यांनी तरुणपणी बांधीवर जागल केली, त्या पिढीच्या बोलण्यात भरमार, दुनळी, एलजी, ‘तीनशे पंधरा’ हे शब्द अजून आहेत. यातल्या तीनशे पंधराचं काडतूस नीट पाहावं. गोळीचं अंग तांब्याच्या मिश्रधातूच्या पातळ कवचात बसवलेलं असतं. टोकाला मात्र कवच नसतं, तिथे करडं शिसं उघडं दिसतं. ते टोक उघडं का ठेवलं, हे कळायला बंदुका करणाऱ्यांना बराच काळ लागला, आणि त्या शोधाचा मोठा भाग आपल्याच मुलखात घडला.

सुरुवात गोल गोळीपासून करावी लागते. एका पौंड शिशातून सारख्या मापाच्या जितक्या गोळ्या ओतता येतील, तितक्या ‘बोरा’ची ती बंदूक, हा जुना हिशेब. पौंडात सात हजार ग्रेन धरतात. म्हणजे बारा बोरची एक गोळी पाचशे त्र्याऐंशी ग्रेनांची, जवळजवळ अडतीस ग्रॅमची, आणि साडेअठरा मिलिमीटर जाडीची. असं ढेकूळ सांबराला लागलं तर भोकच एवढं मोठं पडे की गोळी फुलण्याची गरजच नसे. अडचण नेमाची होती. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी साठ-सत्तर पावलांनंतर भरवशाची राहत नाही. नळीत आटे पाडले तर गोळी फिरत जाते आणि नेम सुधारतो; पण दारू जास्त भरली की मऊ शिसं आट्यांत धरून राहत नाही, आटे सोडून सरळ घसरत बाहेर पडतं.

इथे मध्य प्रांताचा एक अधिकारी या कथेत येतो. मध्य प्रांत १८६१ साली झाला, नागपूर त्याचं मुख्य ठाणं. भंडारा जिल्हा त्यातच होता, आणि आजचा गोंदिया जिल्हा १९९९पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. या प्रांताच्या जंगलांची पाहणी करणाऱ्यांत कॅप्टन जेम्स फोर्सिथ होता. पचमढीशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. त्याचं ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१मध्ये निघालं, त्याच वर्षी तो वारला. त्याआधी, १८६३ साली, त्याने ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हा छोटा ग्रंथ लिहिला होता, आणि माझ्या मते शिकारी गोळीचा विचार पद्धतशीरपणे मांडणाऱ्या पहिल्या काही पुस्तकांत तो मोडतो.

त्या काळी युरोपच्या फौजा फ्रेंच अधिकारी मिनिए याच्या लांबट गोळीने भारावल्या होत्या. १८४९ची ही गोळी लांबवर नेमकी जाई, पण हळू आणि कमान घेऊन जाई. सैन्याला ते चालत होतं, कारण तिथे अंतर मोजून निशाणाची पट्टी वर-खाली करायला वेळ असे. बांबूच्या बेटातून ऐंशी पावलांवर निघालेलं जनावर तेवढा वेळ देत नाही. फोर्सिथचं म्हणणं असं की जंगलात दोनशे पावलांपुढचा बार मारूच नये, आणि त्याच्या आत गोळी जवळजवळ सरळ रेषेत गेली पाहिजे, म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालतं. त्यासाठी त्याने गोल गोळीच ठेवली, दारू भरपूर भरली आणि आट्यांचा पीळ अगदी सैल केला. आठ फुटांहून जास्त लांबीत एक फेरा, इतका सैल. अडीच फुटी नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळी अर्धा फेरासुद्धा फिरत नसे. तेवढा पीळ गोल गोळीला पुरतो आणि आटेही सुटत नाहीत. रणांगणाची गोळी आणि रानाची गोळी यांची गरज वेगळी आहे, हे त्याने हिशेबाने दाखवून दिलं.

पुढची पिढी वेगाच्या मागे लागली. लंडनच्या जेम्स पर्डीने १८५६मध्येच आपल्या वेगवान रायफलींना आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस ट्रेन’ असं नाव दिलं होतं, आणि ‘एक्स्प्रेस’ हा शब्द शिकारी रायफलींना कायमचा चिकटला. वेग वाढवायचा तर गोळी हलकी हवी, म्हणून तिच्या टोकाला भोक पाडून शिसं कमी केलं. त्याचा आणखी एक परिणाम झाला. पोकळ टोक मांसात शिरताच फाकू लागलं आणि बारीक गोळीही मोठी जखम करू लागली. चितळ, काळवीट, चौशिंगा यांवर ही गोळी उत्तम ठरली. सांबराच्या खांद्यावर किंवा रानगव्यावर ती कातडीखालीच चुरा होऊन थांबू लागली. सर सॅम्युअल बेकरसारख्या नाणावलेल्या शिकाऱ्याने मोठ्या जनावरासाठी पोकळ गोळीला कडाडून विरोध केला आणि भरीव शुद्ध शिशाची बाजू घेतली: गोळीने फुलावं, पण फुटू नये. आजतागायत सगळा वाद याच दोन क्रियापदांमधल्या जागेत चालला आहे.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने धूर न होणारी दारू तयार केली, आणि दोन वर्षांत फ्रेंच फौजेच्या हाती ८ मिलिमीटरची लेबेल रायफल आली. वेग एकदम इतका वाढला की उघडं शिसं नळीत टिकेना, ते आट्यांत लिंपून बसू लागलं. त्यावर स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिनने शिशाला तांब्याचं कवच चढवण्याची युक्ती काढली होती. गोळी बारीक झाली, लांब पल्ल्याची झाली, नेमकी झाली. पण पूर्ण कवचाची ही गोळी जनावरातून दाभणासारखी आरपार निघून जाई. हाड लागलं नाही तर चितळ दोन-दोन कोस धावे आणि रात्री कुठेतरी झुडपात मरे.

याचा पुरावा सैन्यालाच आधी मिळाला. १८९५च्या चित्रळ मोहिमेत ०.३०३ इंची नव्या गोळीने धावून येणारा माणूस थांबत नाही, अशी सैनिकांची तक्रार आली. कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने त्यावर साधा उपाय केला: टोकावरचं कवच जरासं कमी करून शिसं उघडं ठेवलं. लागताच ते टोक मागे दुमडे आणि गोळी रुंद होई. हीच ती ‘दमदम’ गोळी. तिच्या पहिल्या रूपात एक खोटही होती. कवच बुडालाही उघडंच असल्याने कधीकधी शिसं पुढे निघून जाऊन कवच नळीतच अडकण्याचा धोका असे. १८९९च्या हेग परिषदेत अशा फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा जाहीरनामा झाला.

युद्धात बंद झालेली गोळी शिकारीत मात्र आवश्यक ठरली, आणि मला यात विसंगती दिसत नाही. जखमी सैनिकाला उचलून नेणारे सोबती असतात, तंबूत डॉक्टर असतो. त्याला लढण्यापासून थांबवलं की काम झालं. जखमी सांबराला कुणी नसतं. त्याच्या बाबतीत गोळीने ताबडतोब जीव घेणं एवढीच दया शक्य आहे. म्हणूनच पुढे अनेक देशांच्या शिकार कायद्यांनी हरणासाठी पूर्ण कवचाची गोळी नाकारली आणि फुलणारीच सक्तीची केली.

आता तीनशे पंधराकडे यावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात फौजेच्या मापाची काडतुसं खाजगी माणसाच्या हाती पडू नयेत असा बंदोबस्त केला. फौजेतून चोरीला गेलेली गोळी कुणाच्याही घरच्या बंदुकीत बसू नये, हा हेतू. इंग्लंडच्या बंदूकवाल्यांना इथली बाजारपेठ सोडायची नव्हती. त्यांनी लष्कराच्या ‘ली’ रायफलीच्याच घडणीची रायफल घेतली आणि तिच्यात ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं ८ मिलिमीटरचं जुनं काडतूस बसवलं. इंग्रजी मापात ते ०.३१५ इंच. परदेशात हे काडतूस कधीच मागे पडलं. आपल्याकडे टिकलं, कारण कायद्यात बसणारी बोल्टची रायफल म्हणजे बहुधा हीच. स्वातंत्र्यानंतर रायफल बंगालमधल्या ईशापूरला होऊ लागली आणि काडतूस पुण्याच्या खडकीला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. काडतुसाच्या बुडावरचा ‘केएफ’ हा ठसा त्याचाच. २०२१च्या फेररचनेत तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला.

कागदावरचे आकडे पाहून या काडतुसाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. गोळी २४४ ग्रेनांची, म्हणजे पावणेसोळा ग्रॅमची, आणि वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास. अमेरिकेच्या थर्टी-ओ-सिक्सची १८० ग्रेनांची गोळी आठशेच्या वर जाते. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीनंतर १९०७मध्ये भेट मिळालेली रिग्बी ०.२७५ इंची होती आणि तिची १४० ग्रेनांची हलकी गोळीही तितक्याच वेगाची. पण वेग म्हणजे गुण नव्हे. साधं कवच आणि आत साधं शिसं अशा गोळीला आठशे मीटरच्या वेगाने जवळून हाड लागलं तर तिच्या ठिकऱ्या होतात. सहाशेच्या वेगाने तीच गोळी फुलते आणि आत शिरत राहते. खडकीची बोथट, मऊ टोकाची, जड गोळी बेकरच्या अटीत आपोआप बसली. शंभर मीटरच्या आत मध्यम जनावरासाठी तिच्यात काही कमी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापुढे ती झपाट्याने खाली येते, आणि तिथे दोष गोळीचा नसतो, बार काढणाऱ्याचा असतो.

गोळी निवडायची म्हणजे जनावराची जाडी ओळखायची. चितळाचा नर ऐंशी किलोंच्या आसपास, बरगड्या पातळ. त्याला लवकर फुलणारी गोळी हवी. टणक गोळी न फुलताच पलीकडे जाते. सांबराचा नर त्याच्या तिप्पट वजनाचा, खांद्याचं हाड जाड, वर चिखलात लोळून वाळलेली केसाळ कातडी. त्याला उशिरा फुलणारी, वजन राखणारी गोळी हवी. एकाच खिशात दोन्ही जनावरांसाठी एकच काडतूस ठेवायचं असेल तर जड आणि मंद गोळी हा सुरक्षित मधला मार्ग. जड गोळी झुडपातून सरळ जाते, हा समज मात्र चुकीचा आहे. बांबूची काडी लागली की कुठलीही गोळी वाट सोडते. मोकळी जागा दिसेपर्यंत थांबणं एवढाच त्यावर इलाज.

गावोगावी प्रत्यक्षात चालली ती रायफल नव्हे, दुनळीच. तिच्या एलजी काडतुसात हरभऱ्याहून मोठे सहा छर्रे. वीस-पंचवीस पावलांवर ते एकत्र लागतात. पन्नासवर गेले की पसरतात, एखादा पोटात बसतो, आणि जनावर आठवडाभर कुजत मरतं. हाक्यात धावत्या कळपावर झाडलेल्या अशा बारांनी या पट्ट्यात किती जनावरं वाया गेली याची मोजणी कुणी केली नाही. शिकारीच्या जुन्या आठवणी अभिमानाने सांगणाऱ्यांनी हा भागही सांगायला हवा.

पुढच्या मोठ्या सुधारणेचं निमित्त दूर कॅनडात घडलं. १९४६ साली जॉन नोस्लर या अमेरिकी शिकाऱ्याच्या गोळ्या चिखल वाळलेल्या मूसच्या खांद्यावर फुटून वाया गेल्या. त्याने कवचाच्या मध्ये तांब्याचाच आडवा पडदा ठेवून गोळीचे दोन कप्पे केले. पुढचं शिसं फुलतं, मागचं पडद्याआड सुरक्षित राहून आत घुसत जातं. वेगवान रायफलीत फुलणं आणि न फुटणं एकाच गोळीत साधलं ते असं. अलीकडे सबंध तांब्याच्या गोळ्या आल्या आहेत. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात पसरतात आणि ते खाणारे गिधाडासारखे पक्षी विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियाने कॉन्डरसाठी २०१९पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद केलं, त्यामागे हेच कारण.

आपल्याकडे नागझिरा १९७०ला अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ला राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. चितळ-सांबराचा प्रश्न मिटला. उरला तो रानडुकराचा आणि रोह्याचा, कारण हातातोंडाशी आलेलं धान एका रात्रीत लोळवलं जातं. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडून कायद्याने परवानगी मिळू शकते. ती वाट लांब आहे, कागदांची आहे, हे खरं. म्हणून कुणी गव्हाच्या पिठात गावठी बॉम्ब ठेवतो, कुणी कुंपणाच्या तारेत रात्री वीज सोडतो. २०१७मध्ये नागभीडजवळ ‘श्रीनिवास’ हा वाघ, उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’चा बछडा, अशाच तारेला लागून मेला. अंधारात बांधीवर गेलेली माणसंही मेली आहेत.

परवानगी मिळालेल्या बंदूकधाऱ्याला माझं सांगणं एवढंच: फौजी पूर्ण कवचाची गोळी वापरू नका, मऊ टोकाचीच घ्या. शंभर मीटरपुढे आणि हलत्या जनावरावर बार काढू नका. बार लागला की रक्ताच्या मागावर जाऊन जनावर सापडेपर्यंत परतू नका. आणि ज्याच्याकडे बंदूक नाही, परवानगीही नाही, त्या शेतकऱ्याने भरपाईचा अर्ज करावा, जागल करावी, सौर कुंपण मागावं. तारेत वीज मात्र सोडू नये.