तळटीप : ‘मनगटातून घातलेली नळी’
१. म्हणजे अँजिओप्लास्टी. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून कॅथेटर ही बारीक नळी हृदयाच्या धमनीपर्यंत नेतात, फुगा फुगवून अरुंद जागा रुंद करतात आणि बहुधा तिथे जाळीदार स्टेंट बसवतात. हृदयधमनीवर असा पहिला उपचार आंद्रेआस ग्रुएंत्सिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे केला. फुरसे या सापाचाही या उपचाराशी संबंध आहे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काही रुग्णांना देतात ते टिरोफिबान हे औषध फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाच्या नमुन्यावरून घडवले आहे. औषधात प्रत्यक्ष विष नसते. ते रासायनिक पद्धतीने तयार होते. – संपा.