चुन्याखालचा रंग

‘चुना लावणे’ हा वाक्प्रचार मराठीच्या वर्गात फारसा समजावून सांगावा लागत नाही. फसवणूक या अर्थाने तो विद्यार्थ्यांच्या तोंडी असतोच. मात्र शत्रूला फसवण्यासाठी अक्षरशः चुना लावला गेल्याचे एक प्रकरण गेल्या शतकाच्या युद्धेतिहासात आहे. त्याकडे आम्ही वळलो ते एका छंदामुळे. आमच्यापैकी एकाच्या घरी रणगाड्यांच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती तयार होतात. तामिया या जपानी कंपनीने १९६१ साली पँथर रणगाड्याचे किट काढले, तेव्हापासून १:३५ हे प्रमाण या छंदात रूढ होत गेले. या प्रतिकृतींवर हिवाळी चुन्याचा झिजलेला, पोपडे गेलेला थर दाखवणे हे कसोटीचे काम समजले जाते.

चुन्याची गरज युद्धाने शिकवली. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये शिरल्या, तेव्हा त्यांचे रणगाडे गडद हिरवे होते. बर्फावर ते दुरून उठून दिसत. उलट पांढरे झगे घातलेले फिनिश सैनिक दिसतच नसत. तो धडा सोव्हिएत सैन्याने महागात घेतला. दोन वर्षांनी, १९४१च्या डिसेंबरात, मॉस्कोपुढे प्रतिहल्ला सुरू झाला तेव्हा त्याचे अनेक रणगाडे पांढरे होते. जर्मन रणगाडे मात्र गडद राखी रंगातच मॉस्कोच्या दिशेने निघाले होते. २२ जून १९४१ रोजी सुरू केलेली मोहीम हिवाळ्यापूर्वी आटोपेल असे गृहीत धरल्याने सैनिकांना पुरेसे गरम कपडेसुद्धा नव्हते. मग हाती येईल ते वापरले गेले: चुना, खडूची पूड, प्रसंगी घरगुती चादरी.

हा रंग टिकाऊ नसणे हा त्याचा दोष नव्हता, गुण होता. वसंतात बर्फ वितळून काळी माती उघडी पडली की पांढरा रणगाडा पुन्हा शत्रूचे लक्ष्य ठरणार. म्हणून तो धुऊन निघणाराच असावा लागे. परिणामी तो हिवाळा संपण्याआधीच झिजू लागे, आणि त्या झिजण्याला एक क्रम होता. दळातले सैनिक ज्या कडांवर पाय देऊन चढत, तेथला चुना प्रथम जाई. मग झाकणांच्या कडा आणि त्यांच्या मुठी. इंजिनावरच्या पत्र्यावर उष्णतेने बर्फ वितळे आणि पाण्याचे ओघळ चुना घेऊन खाली उतरत. चाकांलगतचा भाग चिखलाने घासला जाई. रंग बहुधा हातानेच, मोठ्या कुंचल्याने, घाईत दिलेला असे. तुकडीचा क्रमांक आणि ओळखचिन्ह झाकू नये म्हणून त्यांच्याभोवती मूळ रंगाची वेडीवाकडी चौकट सोडलेली असे. जुन्या छायाचित्रांत हे सारे दिसते.

प्रतिकृतीत हे साधण्याची रीत सोपी वाटते. आधी राखी किंवा हिरवा मूळ रंग द्यायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. त्यावर केसांवर मारायच्या स्प्रेचा पातळ थर, आणि त्यावर पाण्यात मिसळणारा पांढरा रंग. मग कुंचला पाण्यात बुडवून तो भाग ओला करायचा. पाणी पांढऱ्या रंगाखाली झिरपते, मधला थर विरघळतो आणि आखूड केसांच्या ताठ कुंचल्याने हलके घासले की पांढऱ्याचे पोपडे सुटतात. बारीक ओरखड्यांसाठी दात कोरायची काडी. अवघड असते ते थांबणे. नवशिक्याला प्रत्येक पोपडा सुंदर वाटतो आणि तो सर्वत्र सारखेच घासत सुटतो. मुरलेला कारागीर प्रत्येक ओरखड्याला विचारतो, येथे कोणाचा पाय पडला असेल? हा महिना डिसेंबर की मार्च? पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. पोथीचे पान कोठे झिजले आहे यावरून ती कशी हाताळली गेली याचा अंदाज तोही बांधतोच.

येथवर छंदाचे कौतुक झाले. पण याच युद्धावर नंतर आणखी एक थर चढवला गेला, आणि तो वसंतात धुऊन निघाला नाही. तुला शहराच्या दिशेने मॉस्कोवर चाल करून गेलेला सेनापती हाइन्झ गुडेरियन याला डिसेंबर १९४१मध्ये पदावरून दूर करण्यात आले. त्याचे आत्मकथन १९५१ साली प्रसिद्ध झाले. जर्मन भूदलाचा माजी प्रमुख सेनाधिकारी फ्रान्झ हाल्डर हा युद्धानंतर अमेरिकी सैन्याच्या इतिहासविभागासाठी जर्मन अधिकाऱ्यांकडून वृत्तान्त लिहून घेण्याचे काम पाहत होता. अशा लेखनातून एक चित्र घडत गेले: कुशल आणि निष्कलंक सैन्य, त्याला नडले ते चिखल, थंडी आणि हिटलरची ढवळाढवळ. या चित्रात बर्फ भरपूर आहे; युद्धकैदी जवळजवळ नाहीत. जर्मनांनी पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी सुमारे ३३ लाख मरण पावले. त्यांतले सुमारे २० लाख १९४२च्या फेब्रुवारीपर्यंतच, म्हणजे रणगाड्यांवरचा पहिला चुना उडण्याच्या आतच, उपासमार, थंडी, रोग आणि गोळ्या यांनी गेले होते. १९९५ साली हॅम्बुर्गच्या समाजसंशोधन संस्थेने जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांवर प्रदर्शन भरवले, तेव्हा या थराला सार्वजनिकरीत्या मोठे तडे गेले. त्यावर जर्मनीत झालेला वाद वर्षानुवर्षे चालला.

रणगाड्यावर टाकलेल्या त्या चादरींपाशी आम्ही थबकतो. आपल्या तळावरून चादरी घेऊन कोणते सैन्य निघते? त्या कोणत्या खेड्यातल्या, कोणाच्या अंथरुणावरच्या होत्या? सैनिकांनी रशियन खेडुतांच्या अंगावरचे गरम कपडे आणि पायांतले नमद्याचे बूट काढून घेतले, हे इतिहासात नोंदलेले आहे. प्रतिकृतीच्या कागदी सूचनांत रंगांचे क्रमांक असतात. हे नसते, आणि ते तेथे असावे अशी अपेक्षाही कोणी करणार नाही. ते बनवणाऱ्याला ठाऊक असावे, एवढेच.

या पांढऱ्या रणगाड्यांचा एक धागा आपल्या परिसरातही येतो. ब्रिटनने उत्तर समुद्रमार्गे धाडलेले व्हॅलेंटाइन आणि माटिल्डा रणगाडे १९४१च्या अखेरीस मॉस्कोच्या बचावात लढले. त्याच जातीचा व्हॅलेंटाइन अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात पाहायला मिळतो. १९९४ साली उभारलेल्या या संग्रहालयात विद्यार्थ्यांना जरूर न्यावे. पोलादाचे वजन पुस्तकातून कळत नाही.

आमच्या घरची प्रतिकृती आता पुरी झाली आहे. तिच्या तळाच्या लाकडी पट्टीवर रणगाड्याचे नाव, ‘मॉस्कोजवळ’ आणि ‘जानेवारी १९४२’ इतके लिहायचे ठरले होते. बरीच चर्चा झाली आणि खाली आणखी एक ओळ घातली गेली: त्या महिन्यापर्यंत कैदेत मेलेल्यांचा अदमासे आकडा. पाहुणे प्रथम रंगकामाचे कौतुक करतात, मग वाकून ती ओळ वाचतात, आणि त्यानंतरच खरे बोलणे सुरू होते.