पुण्य आपले, कावड कुणाची?



आज एका ज्यू धर्मगुरूंविषयी लिहिते. नाव रब्बी इस्रायल लिप्किन. सलांत गावी शिकले म्हणून लोक त्यांना ‘सलांतर’ म्हणत. १८४० च्या सुमारास ते लिथुआनियातल्या व्हिल्ना शहरात, म्हणजे आजच्या व्हिल्नियसमध्ये आले.

व्हिल्ना हे शास्त्र जाणणाऱ्यांचे शहर. स्वयंपाकाचे नियम काटेकोर, शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, उपवास कडक. सलांतर स्वतः हे सगळे नियम पाळत. पण प्रवचनात त्यांचा रोख वेगळाच असे. खाण्यातल्या बारीकशा दोषाला घाबरणारा माणूस मापात मारताना किंवा कुणाची निंदा करताना का घाबरत नाही?

त्यांचे निदान असे की, चांगले-वाईट माणसाला कळते, पण राग, लोभ आणि मत्सर कळण्याच्या आधीच धाव घेतात. मनाच्या तळाशी दडलेल्या या ओढी एका प्रवचनाने जात नाहीत. त्यांना रोजचा सराव लागतो. या विचारातून उभ्या राहिलेल्या चळवळीला ‘मुसार’ म्हणतात. मुसार म्हणजे शिस्त, शिकवण. व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी कामातून थोडा वेळ काढून यावे आणि नीतिग्रंथ मोठ्याने, सुरात, मन भरून येईपर्यंत वाचावेत, म्हणून त्यांनी खास जागा सुरू करवल्या.

मेंडेल लेफिन यांचे १८०८ सालचे एक पुस्तक त्यांनी पुन्हा छापायला लावले. त्यात १३ गुण दिले आहेत. एका आठवड्यात एकाच गुणाकडे लक्ष द्यायचे आणि रोज चुकलेल्या जागी वहीत खूण करायची. १३ आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे वर्षातून चार फेऱ्या. ही पद्धत लेफिन यांनी अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनकडून घेतली होती. चांगली गोष्ट कुठूनही घ्यावी!

सलांतरांच्या काही गोष्टी त्यांच्या परंपरेत आजही सांगतात. मला त्या स्वयंपाकघरातल्या म्हणून जवळच्या वाटतात.

जेवणाआधी हातांवर पाणी ओतण्याचा ज्यूंचा नेम आहे. धार्मिक माणसे मुद्दाम जास्त पाणी घेत. सलांतर मात्र शास्त्राला पुरेल तेवढेच घेत. कुणीतरी कारण विचारले. ते म्हणाले, हे पाणी मोलकरीण विहिरीवरून खांद्यावर वाहून आणते. तिच्या खांद्यावर मी माझे पुण्य वाढवू नये.

दुसरी गोष्ट वल्हांडण सणाच्या बिनखमिराच्या भाकरीची. पिठात पाणी पडल्यापासून १८ मिनिटांत भाकरी भट्टीत जाऊन भाजून निघावी लागते, त्यामुळे मळणाऱ्या बायकांवर सारखी घाई. शिष्य देखरेखीला निघाले तेव्हा त्यांनी विचारले, विशेष काळजी कशाची घ्यावी? सलांतर म्हणाले, पीठ मळणारी बाई विधवा आहे, तिच्यावर ओरडू नका.

१८४८ साली व्हिल्नात पटकी पसरली. प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर, आला. त्या दिवशी सुमारे २५ तास अन्नपाणी वर्ज्य असते. पण उपवासाने थकलेले शरीर रोगाला लवकर बळी पडेल, म्हणून सलांतरांनी लोकांना खायला सांगितले, असे परंपरा सांगते. एवढ्या मोठ्या दिवशी असे सांगणे सोपे नव्हते. पण जीव वाचवणे हीसुद्धा त्यांच्या शास्त्राचीच आज्ञा होती.

१८८३ मध्ये कोनिग्जबर्गला त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या शिष्यांनी मुसारचा अभ्यास लिथुआनियातल्या अनेक धर्मपाठशाळांत नेला.

सलांतरांनी नेम सैल करा असे सांगितले नाही. आपल्या नेमाचे ओझे कोण उचलतो, हे पाहणे त्यांनी नेमातच धरले. मला यावरून आपले पारण्याचे दिवस आठवतात. पाणी गाळलेले, भांडी वेगळी, पंगत मोठी, आणि सगळे अगदी शुद्ध. ती भांडी घासणारी बाई त्या दिवशी किती वाजता घरी पोहोचते? तिचे जेवण वेळेवर होते का? तिच्याशी आपला आवाज चढतो का?

१३ गुणांची वही आपणही घालू शकतो. पहिल्या आठवड्याला एवढे तीन प्रश्न पुरेत.