लदेणी बुडाल्यावर

चाकरी सुटली म्हणजे घरात काय घडते, हे या सभेत बसलेल्या पुष्कळांस सांगावयास नको. पहिले दोन महिने शिलकीवर निघतात. तिसऱ्या महिन्यात वाणी उधारीच्या वहीकडे पाहून बोलू लागतो. मग घरातल्या बाईच्या अंगावरचा एखादा दागिना सराफाकडे जातो. त्यानंतर जी वस्तू विकावयास निघते ती बहुधा अशी असते की, तिच्याच आधाराने उद्या पुन्हा चार पैसे मिळावयाचे असतात. शिंप्याचे यंत्र, सुताराची हत्यारे, कुणब्याचा बैल. बेकारीच्या अर्थकारणातील खरा कठीण प्रसंग आमच्या मते हा होय. पैसा संपतो तो दिवस वाईट खराच. पण पैशासाठी साधन विकले जाते तो दिवस त्याहून वाईट.

ही गोष्ट एका कुटुंबापुरती पाहिली तर ती त्या माणसाच्या नशिबाची किंवा चुकीची वाटते. म्हणून आज आम्ही एका माणसाचे उदाहरण घेत नाही. आपल्याच जिल्ह्यात एका संपूर्ण समाजाची रोजी एका पिढीच्या आत गेली. तो समाज म्हणजे बंजारा समाज. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव या भागांत ज्यांचे तांडे आपण रोज पाहतो, त्यांचे पूर्वज शेतकरी नव्हते. ते वाहतूकदार होते.

बैलांच्या पाठीवर गोण्या लादून माल एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यावयाचा, या धंद्यास लदेणी म्हणत. समुद्रकाठचे मीठ आत आणावयाचे आणि परतताना धान्य, कापूस न्यावयाचा, असा हा फेरा असे. लवण वाहणारे म्हणून लमाण, अशी त्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यास १६३२ साली वाटेत जो तांडा भेटला, त्यात धान्य लादलेले १४,००० बैल होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच शतकात हिंदुस्थानात हिंडलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करतो. फौजांनाही तांड्यावाचून गत्यंतर नसे. १८०३ सालच्या युद्धात आर्थर वेलस्ली वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड येथे लढला, तेव्हा त्याच्या सैन्याच्या दाणागोट्याची मोठी भिस्त बंजाऱ्यांवर होती. राज्ये बदलली, पण मीठ आणि धान्य कोणत्याही राज्यात लागतेच. त्यामुळे लदेणी अक्षय आहे असे त्या काळच्या नाईकास वाटले असेल, तर त्यास भोळा म्हणता येणार नाही.

१८५३ साली दोन गोष्टी घडल्या. निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले आणि मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. या दोन घटनांची गाठ पुढे चौदा वर्षांनी पडली. वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडी कापसास सोन्याचा भाव आला. मग हा कापूस मुंबई बंदरास लवकर पोचावा म्हणून लोहमार्ग वऱ्हाडातून पुढे सरकला आणि १८६७ साली नागपुरास पोचला. महिना-दीड महिन्याची वाट दोन-चार दिवसांवर आली. बैल पाठीवर जे वाहतो त्याच्या कितीतरी पट तो गाडीस जुंपल्यावर ओढतो. म्हणून पक्क्या सडका होताच आडरानातून स्टेशनापर्यंतची जवळची वाहतूकही गाडीवाल्यांनी घेतली. यवतमाळचा माल धामणगाव स्टेशनाच्या सडकेला लागला. लांबचा फेरा आगगाडीने नेला आणि जवळचा फेरा बैलगाडीने. लदेणीस उरले ते फक्त डोंगरातील, सडक न पोचलेले गाव.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. लदेणी बुडाली ती बंजारा आळशी झाला म्हणून नव्हे, किंवा त्याने कर्ज उधळले म्हणूनही नव्हे. माल पूर्वीपेक्षा अधिक वाहिला जात होता. वाहणारा तेवढा बदलला होता. धंद्याची भरभराट आणि धंदेवाल्याची बेकारी ही दोन्ही एकाच वेळी, एकाच कारणाने होऊ शकतात. आज एखाद्या कारखान्यात नवे यंत्र येते, उत्पादन वाढते आणि माणसे घरी बसतात, तेव्हा आपण जे पाहतो ते वऱ्हाडाने त्या काळी पाहिले होते.

मग या लोकांनी निर्वाह कसा केला? साधने तीनच होती: बायकांच्या अंगावरील दागिने, तांड्यातील परस्परांचा आधार आणि बैल. दागिने एकदाच मोडता येतात. तांड्याचा आधार मोठा खरा, पण सगळ्यांचीच मिळकत एकदम गेली म्हणजे कोणी कोणास द्यावयाचे? शेजारधर्म एका घरावरील संकटास पुरतो, सबंध वस्तीवरील संकटास पुरत नाही. राहिला बैल. त्याचे दोन उपयोग होते. तो विकून वर्षभर खाता येत होते, किंवा तो नांगरास जुंपता येत होता.

नांगरास जुंपावयाचा तर जमीन हवी. या बाबतीत आपला जिल्हा, ज्यास तेव्हा वणी जिल्हा म्हणत, थोडा भाग्यवान होता. येथे जंगल फार आणि पडीत जमीन पुष्कळ. १८६५ सालच्या पडजमिनीच्या नियमांनी ओसाड गावे लागवडीसाठी इजाऱ्याने देण्यात आली. पुसदकडील कित्येक गावांच्या नावापुढे ‘इजारा’ हा शब्द आजही लागतो, तो या काळाची खूण आहे. इजारे बहुधा पैसेवाल्यांनी घेतले, परंतु जमीन मोडावयास त्यांनाही माणसे आणि बैल लागत. ज्या तांड्याजवळ बैल शिल्लक होते त्यास कुळ म्हणून, पुढे जमल्यास खातेदार म्हणून, पाय रोवता येत होता. ज्याने बैल विकले होते त्यास उरले होते ते दोन हात. कोणी गुरांचा व्यापार केला, कोणी गवत आणि लाकूड विकले, कोणी मजुरीस गेला. शेतकरी आणि शेतमजूर हा भेद पुढे पिढ्यान् पिढ्या टिकला. त्याचे मूळ ‘बैल केव्हा विकला’ एवढ्या एका प्रश्नात पुष्कळ अंशी होते, असे आम्हांस वाटते.

याच काळात दुसरा एक आघात झाला. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखाद्या जमातीस काही प्रामाणिक धंदा आहे काय, आणि असल्यास तो खरा की केवळ दाखवण्यापुरता, याची चौकशी त्या कायद्यात सांगितली होती. धंदा राज्याच्या नव्या व्यवस्थेने काढून घ्यावयाचा आणि मग धंदा नाही म्हणून संशय धरावयाचा, असा हा न्याय होता. पुढे देशाच्या निरनिराळ्या भागांत लमाणांसही या कायद्याचा जाच झाला. तो डाग कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. रिकाम्या माणसाकडे संशयाने पाहण्याची आपली सवय अजून गेलेली नाही. नोकरी गेलेला मनुष्य सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन घराबाहेर पडतो, तो याच नजरेच्या भीतीने.

या कथेचा उत्तरार्ध आपल्याच जिल्ह्यात सुरू होतो. पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यावर फुलसिंग नाईक यांच्या घरी १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. वकील झाले, राजकारणात आले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी एक योजना मांडली. जो अंगमेहनत करावयास तयार आहे त्यास सरकारने काम दिलेच पाहिजे, हे तिचे सूत्र. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ साली योजना राज्यात लागू झाली आणि लगेच भयंकर दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कल्पना पाग्यांची, हे श्रेय त्यांचेच. परंतु तिला राज्याची तिजोरी उघडून देणारा मुख्यमंत्री ज्या समाजातून आला होता, त्या समाजास काम हिरावले जाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा, असे त्या कायद्याचे वचन होते. मजुरी अगदी थोडी होती. हजेरीपटावर खोटी नावे लागली, पैसे वेळेवर मिळाले नाहीत, खडी फोडून फोडून हात सोलले. हे दोष लपविण्यात अर्थ नाही. तरीही त्या थोड्या मजुरीचे मोल निराळे होते. दोन वेळची भाकर बाहेरून आली म्हणजे गोठ्यातला बैल बाजारात न्यावा लागत नाही. योजनेने कोणास श्रीमंत केले नाही. साधन विकण्याची पाळी मात्र पुष्कळांवर येऊ दिली नाही. २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी तशाच हमीचा कायदा केला, तेव्हा पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत यवतमाळही होता.

या हमीचा खर्च कोठून आला, हेही शहरात राहणाऱ्या आपण लक्षात ठेवले पाहिजे. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला तो या योजनेसाठी. पगारपत्रकावर दरमहा दिसणारी ती लहानशी कपात पाहून आपण कपाळास आठ्या घालतो. ज्याची रोजी चालू आहे त्याने ज्याची थांबली आहे त्याचा बैल वाचवावा, असा त्या कपातीचा मूळ अर्थ आहे.

काम संपले असे समजू नये. दिवाळी आटोपली की आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे उसाच्या तोडीला जातात. मुकादमाकडून त्यांनी आधीच उचल घेतलेली असते. पूर्वी बैल विकला जाई, आता पुढच्या सहा महिन्यांची मेहनत आगाऊ विकली जाते, आणि पुष्कळदा तिच्याबरोबर मुलांची शाळाही. म्हणून ज्याची नोकरी गेली आहे त्यास आमचे सांगणे एवढेच की, खर्च कमी करा, दागिना मोडावा लागला तर मोडा, लाज सोडून मिळेल ते काम धरा, पण ज्यावर उद्याची रोजी उभी राहावयाची ते साधन शेवटपर्यंत सोडू नका. आणि ज्याची नोकरी शाबूत आहे त्यास असे विचारावयाचे की, तुमच्या शेजाऱ्याने त्याचे साधन विकावयास काढले, तर ते स्वस्तात घेणारे तुम्ही असणार, की त्यास ते विकू न देणारे?